शांतिगीतातला 'तू' कोण?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

६ ऑगस्टचा हिरोशिमा दिन आणि पाठोपाठ १५ ऑगस्ट. निम्मा जुलै सरला की सातारा-सांगलीकडच्या शाळा-महाविद्यालयांत समूहगीतांच्या तालमी सुरू होतात आणि त्यांत एखादं तरी शांतिगीत असतंच. लिहिणारा मनापासून लिहितो, मुलं घसा फोडून म्हणतात, तरी मांडवातून बाहेर पडणाऱ्याच्या ओठांवर त्यातली एक ओळही उरत नाही. दोष मुलांचा नाही आणि चालीचाही नाही. 'युद्ध नको, शांती हवी, मानवतेची पहाट नवी' या ओळीला हरकत घेणारा माणूस उभ्या जिल्ह्यात सापडायचा नाही. जिथे कुणाची हरकतच नाही, तिथे गाणं पटवून देणार तरी काय? युद्धाविरुद्धचं गाणं हे ऐकणाऱ्याचं मन वळवण्याचं काम आहे आणि त्या कामाची हत्यारं ठरलेली आहेत. ती शिकवता येतात. तालमी रंगात येण्याआधी त्यांच्याविषयी लिहावं, म्हणून हे पत्र.

पहिली ओळ लिहिण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते. गाण्यातला 'तू' कोण? बोट कुणाकडे दाखवायचं?

जगभरच्या गाण्यांनी याची वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. बॉब डिलनच्या १९६३ च्या 'मास्टर्स ऑफ वॉर'मधला 'तू' म्हणजे शस्त्रं बनवून स्वतः भिंतीआड बसणारा. चाल एका जुन्या इंग्रजी लोकगीताची, जवळजवळ एकाच सुराभोवती घुमत राहणारी. त्यामुळे राग साठत जातो, मोकळा होत नाही. बफी सेंट-मेरीच्या १९६४ च्या 'युनिव्हर्सल सोल्जर'ने बोट थेट सैनिकाकडे दाखवलं. त्याची उंची, वय, धर्म, देश एकेक सांगत ते गाणं म्हणतं की याच्याशिवाय युद्ध चालूच शकणार नाही. फ्रेंच लेखक बोरिस व्हियांचं १९५४ चं 'ल देझर्तर' म्हणजे फौजेत न जाणाऱ्या माणसाने राष्ट्राध्यक्षांना लिहिलेलं अदबीचं पत्र. एरिक बोगलने १९७१ साली लिहिलेल्या गाण्यात बोट कुणाकडेच नाही. तिथे पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत दोन्ही पाय गमावलेला ऑस्ट्रेलियन जवान स्वतःच बोलतो.

आपल्या भागात यातलं कोणतं उत्तर चालेल? सातारा तालुक्यातलं अपशिंगे (मिलिटरी) डोळ्यांपुढे आणा. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले, आजही घराघरांत फौजी आहे. माणदेशापासून वाळव्यापर्यंत पहाटेच्या अंधारात डांबरी सडकेवर भरतीसाठी धावणारी पोरं दिसतात. त्यांच्या आईबापांपुढे 'बंदूक धरणारा तू दोषी' असं गायलं की पहिल्या कडव्यातच कान मिटतात. पुढे कितीही सुरेख लिहिलेलं असो, ते पोचत नाही. सैनिकाचा पाणउतारा करणारं गाणं आपल्याकडे फसतं आणि ते फसणं रास्तच आहे. पाच एकर कोरडवाहू चार भावांत वाटून घेतलेल्या घरातलं पोरगं फौजेत जातं ते कुणाचा जीव घ्यायच्या हौसेने नव्हे. 'युनिव्हर्सल सोल्जर'च्या शेवटाला एक वळण आहे, आणि तेवढं मात्र घेण्यासारखं आहे. सैनिकाला येणारा हुकूम दूरच्या कुठल्या राजधानीतून येत नाही, तो इथून-तिथून, तुमच्या-माझ्याकडून येतो, असं ते गाणं सांगतं. आपल्याकडे 'तू' करायचा तर मांडवात बसून टाळ्या वाजवणाऱ्यालाच करावा, म्हणजे गाणाऱ्यालाही.

एका ओळीने बोटाची दिशा कशी बदलते हे व्हियांच्या गाण्यात दिसतं. मूळ मसुद्याच्या शेवटी तो माणूस सांगतो की पोलीस येतील तेव्हा माझ्याकडे बंदूक असेल आणि मला ती चालवता येते. गायक मुलूजीच्या सूचनेवरून शेवट बदलला: माझ्याकडे शस्त्र नसेल, त्यांनी खुशाल गोळी घालावी. बाकी सगळं गाणं तेच राहिलं. पहिल्या शेवटात ऐकणारा पोलिसांच्या बाजूला जातो, दुसऱ्यात त्या माणसाच्या. ७ मे १९५४ रोजी, व्हिएतनाममधला दिएन बिएन फू हा फ्रेंचांचा तळ पडला त्याच दिवशी, ते पहिल्यांदा गायलं गेलं. पुढे कित्येक वर्षं फ्रान्सच्या रेडिओवर त्याला बंदी होती. आपण बसवतो त्या गाण्यांची शेवटची ओळ बहुतेक वेळा यमकासाठी लिहिलेली असते. ती सगळ्यात आधी लिहावी आणि सगळ्यात जास्त वेळा खोडावी.

बोगलच्या गाण्यातली युक्ती तर आपल्या हलगीसाठीच जणू बेतलेली आहे. बँड तीच ओळखीची ऑस्ट्रेलियन धून पुन्हा पुन्हा वाजवतो. जवान बोटीत चढताना, मेलेल्यांना पुरताना आणि उरलेले परत येताना. धून बदलत नाही, ऐकणाऱ्याचं काळीज बदलतं. आपल्याकडे कुस्तीच्या मैदानात हलगी घुमते, जत्रेत घुमते आणि अंत्ययात्रेपुढेही तीच वाजते. भरती झालेल्या पोराच्या मिरवणुकीला जो ठेका धरला, तोच शेवटच्या कडव्यात निम्म्या लयीत वाजवावा. निवेदन करू नये, काही समजावूही नये. गावातल्या माणसाला पहिल्या चार ठोक्यांत कळतं. इथे वादकाची चूक ठरलेली असते. लय उतरवताना तो जोरही उतरवतो आणि ठेका मिळमिळीत होतो. लय निम्मी करावी, ठोका तेवढाच भरीव ठेवावा.

आता ध्रुपदाकडे. गर्दीबरोबर घरी जातं ते ध्रुपद, कडवी वहीतच राहतात. ब्रूस स्प्रिंगस्टीनचं १९८४ चं 'बॉर्न इन द यूएसए' व्हिएतनामहून परतून बेकार झालेल्या माणसाची व्यथा सांगतं, पण ती सगळी कडव्यांत आहे. ध्रुपदात देशाचं नाव आणि वर दणदणीत चाल. त्याच वर्षीच्या निवडणूक प्रचारात अध्यक्ष रीगन यांनी आपल्या भाषणात या गायकाचं नाव घेऊन त्याच्या गाण्यांतल्या आशेचे गोडवे गायले. कडवी कुणी ऐकली होती? आपल्याकडेही हे सर्रास होतं. सुरुवातीला तुतारी, मग 'जी जी रं जी'चा चढता झील, ध्रुपदात 'वीरांनो' आणि मधल्या कडव्यांत शांतीचा उपदेश. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो तो तुतारीने. पोवाड्याचा बाज मुळात रणाला चढवण्यासाठी घडलेला आहे. डफ, तुणतुणं, झांज आणि शाहिराच्या मागे ओळ उचलणाऱ्या झीलकऱ्यांची पलटवणी, सगळं छाती फुगवण्यासाठी. त्यात शांतीचे शब्द भरले तरी साचा आपलंच म्हणणं पुढे रेटतो. गाण्याचा विरोध ध्रुपदात आला पाहिजे, आणि चालीतही.

ध्रुपद किती लांब असावं? पहिल्यांदा ऐकणाऱ्याला दुसऱ्या खेपेला म्हणता आलं पाहिजे, एवढंच माप. सात-आठ अक्षरं पुरेत. १५ नोव्हेंबर १९६९ रोजी वॉशिंग्टनमध्ये लाखोंचा जमाव व्हिएतनाम युद्धाविरुद्ध जमला होता, तेव्हा अमेरिकन लोकगायक पीट सीगरने जॉन लेननच्या 'गिव्ह पीस अ चान्स'ची एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणवून घेतली. कडव्यांना हातच लावला नाही. दोन आवर्तनांच्या मधल्या फटीत तो ओरडून विचारायचा, ऐकतोस का निक्सन, ऐकतंय का पेंटागॉन? आपला शाहीर झीलकऱ्यांच्या ओळीत टिप्पणी टाकतो तीच ही रीत. ओळ जमावाची आणि फट म्होरक्याची.

सीगरचंच दुसरं गाणं, 'व्हेअर हॅव ऑल द फ्लॉवर्स गॉन'. रशियन लेखक शोलोखोव्ह यांच्या डॉन नदीकाठच्या कादंबरीतल्या कोसॅक लोकगीतावरून १९५५ साली त्याने तीन कडवी लिहिली. १९६० मध्ये जो हिकरसनने आणखी दोन घालून कडी जुळवली. फुलं मुलींनी खुडली, मुली नवऱ्यांकडे गेल्या, नवरे पलटणीत, पलटण कबरीत, कबरींवर पुन्हा फुलं. कडव्याचं शेवटचं टोक पुढच्या कडव्याची सुरुवात होतं. ऐकणाऱ्याला पुढचं पाऊल आधीच दिसतं, तो मनातल्या मनात ते टाकतो, आणि स्वतः टाकलेलं पाऊल मागे घेणं माणसाला जड जातं.

ही साखळी आपल्या आयाबहिणींना कुणी शिकवायला नको. हादग्यातलं कारल्याच्या वेलाचं गाणं घ्या. बी पेरू दे, मग माहेरी जा. पेरलं, तर वेल येऊ दे. वेल आला, तर कारलं लागू दे. सून दर खेपेला तोच प्रश्न विचारते, सासू दर खेपेला एक पायरी पुढे ढकलते. छळ या शब्दाचा उच्चारही न करता छळ उभा राहतो. त्या साच्यात युद्धाविरुद्धचं गाणं कसं बसतं, हे दाखवायला पुढच्या ओळी बांधल्या आहेत. कुणालाही बिनदिक्कत वापरता येतील.

आंबा मोहरला लेका, येशील का रं घरा?
कैऱ्या धरू दे गं आई, मग मी येतो घरा.
कैऱ्या धरल्या रं लेका, येशील का रं घरा?
पाड लागू दे गं आई, मग मी येतो घरा.
पाड लागला रं लेका, येशील का रं घरा?
आढी घालू दे गं आई, मग मी येतो घरा.
आढी पिकली रं लेका, येशील का रं घरा?

आठवी ओळ नाही. तिची जागा रिकामी आहे आणि गाण्याचं सगळं वजन त्या जागेवर आहे. वरच्या सात ओळींत युद्ध, सीमा, शहीद यांतला एकही शब्द नाही. मोहरापासून आढीपर्यंत, म्हणजे आंबे पिकत घालेपर्यंत, चार-एक महिने जातात हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पोरगा कुठे आहे हे फौजीच्या घराला सांगावं लागत नाही. जे आपण सांगत नाही ते ऐकणारा स्वतःच्या घरातून आणतो.

हे बसवायचं कसं? प्रत्येक ओळीत आधी आठ अक्षरं, मग सात. केरव्याच्या आठ मात्रांचं एक आवर्तन पहिल्या भागाला, एक दुसऱ्याला, शेवटचं 'रा' लांबवून आठवी मात्रा भरायची. म्हणजे ओळ १६ मात्रांची. आईच्या ओळी मुलींच्या गटाने म्हणायच्या, लेकाच्या एकट्या मुलाने. 'येशील का रं घरा' हा तुकडा तिसऱ्या खेपेला प्रेक्षक आपसूक धरतात, त्यांना खुणावू नये. मिनिटाला ८० मात्रांची लय धरली तर रिकामी ओळ बरोबर १२ सेकंदांची होते. त्या १२ सेकंदांत फक्त तुणतुणं चालू ठेवावं.

याच ठिकाणी बहुतेक गट कच खातात. पेटीवाल्याला रिकामी जागा बघवत नाही, तो त्यात सुरावट भरतो. त्याला सातव्या ओळीच्या आधीच भाता मिटायला लावावं. मुलं घाबरून आठ मात्रांतच थांबतात. म्होरक्याने १६ पर्यंत बोटावर मोजावं आणि मुलांना तालमीत मोजूनच सवय लावावी. कुणीतरी हौशी गुरुजी तिथे 'अमर रहे'ची घोषणा घालतात. ती घातली की प्रेक्षकांच्या मनात उघडलेलं दार बंद होतं, कारण घोषणेला उत्तर देऊन माणूस मोकळा होतो. लेकाचं काम करणाऱ्या मुलाने तिसऱ्या उत्तरानंतर माइकपासून बाजूला व्हावं. माइक तसाच उभा राहू द्यावा.

पट्टीचंही सांगून टाकतो. मुलं, बाया, म्हातारी माणसं सगळ्यांनी म्हणायचं तर चाल सहा स्वरांत बसवावी, सा पासून ध पर्यंत. तार षड्जाला, म्हणजे वरच्या 'सा'ला, हात घालणारं ध्रुपद स्पर्धेत टाळ्या घेतं, पण गर्दीच्या तोंडी बसत नाही.

चाल नवी करावी की उसनी घ्यावी? उसनी घेण्यात कमीपणा अजिबात नाही. डिलनच्या 'ब्लोइंग इन द विंड'ची चाल गुलामगिरीच्या काळातल्या एका गीतावरून आलेली आहे. सत्यशोधकी जलसेवाल्यांनी तमाशाचा साचा घेऊन त्यात आपलं म्हणणं भरलं. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी लोकनाट्यात गण ठेवला, पण गणपतीच्या जागी मायभूमीला आणि कष्टकऱ्याला आणून बसवलं. ओळखीच्या चालीने ऐकणाऱ्याचा अर्धा सावधपणा आधीच गळतो. मात्र सिनेगीताची चाल घेऊ नये. मूळ शब्द डोक्यात वाजत राहतात आणि गंभीर ओळीला मागच्या रांगेतून हशा येतो. ओवी, हादगा, भजन, वासुदेव या चालींना ही बाधा होत नाही.

थेट बोलणं अवघड असेल तेव्हा भारुडाची वाट आहेच. सीगरचं 'वेस्ट डीप इन द बिग मडी' हे इंग्रजीतलं भारूडच म्हणायचं. १९४२ सालची तुकडी, नदी, आणि पाणी कमरेला लागलं तरी पुढे चला म्हणणारा कप्तान. गाण्यात व्हिएतनामचं नाव नाही. तरी सप्टेंबर १९६७ मध्ये सीबीएस वाहिनीने ते कार्यक्रमातून कापलं, कारण अर्थ सगळ्यांना कळला होता. फेब्रुवारी १९६८ मध्ये मात्र ते दाखवावं लागलं. रूपक लिहिताना एकच पथ्य पाळायचं: गोष्ट स्वतःच्या पायांवर उभी राहावी. नदी खरी असावी, चिखल खरा असावा. प्रत्येक ओळीत अर्थाचा इशारा देत बसलं की भारूड मरतं.

एक अडचणीचा प्रश्न प्रेक्षक विचारणारच. उद्या हल्ला झाला तर काय करायचं? इंग्रजांविरुद्ध शस्त्र धरलेल्या प्रतिसरकारच्या मुलखात हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. याच मातीतल्या अण्णा भाऊंनी स्तालिनग्राडचा पोवाडा रचला, तो लढणाऱ्यांच्या बाजूचा होता आणि त्यात काही चुकलं नाही. म्हणून गाणं 'कुठलंच युद्ध नको' म्हणतंय की 'हे युद्ध नको' म्हणतंय, हे लिहिणाऱ्याने आधी पक्कं करावं. सीगर ज्यात होता त्या आल्मनॅक सिंगर्सनी मे १९४१ मध्ये युद्धविरोधी गाण्यांचा संच काढला. जूनमध्ये हिटलरने रशियावर चाल केली, तो संच मागे घेतला गेला आणि पुढच्याच वर्षी त्यांनी युद्धाच्या बाजूची गाणी काढली. मत बदलणं समजू शकतं, पण कालच्या गाण्यात 'कधीच नाही' म्हटलेलं असलं की आजच्या गाण्याचं वजन जातं. 'कधीच नाही' लिहिण्याआधी हजारदा विचार करावा.

शत्रूविषयी कसं बोलावं, याला पसायदानाहून चांगला नमुना नाही. ज्ञानेश्वर खळांचा नाश मागत नाहीत. 'जे खळांची व्यंकटी सांडो', त्यांचा वाकडेपणा गळो, एवढंच मागतात. त्यामुळे खळालाही ते ऐकता येतं. अमेरिकेत १९१५ साली 'माझा मुलगा मी शिपाई व्हायला वाढवला नाही' अशा अर्थाचं एका आईचं गाणं घरोघर पोचलं होतं. लोकांनी त्याच ओळीत 'शिपाई'च्या जागी 'भ्याड' घालून उलट गाणी काढली आणि १९१७ मध्ये देश युद्धात उतरल्यावर मूळ गाणं मागे पडलं. त्या गाण्याची खरी ताकद शीर्षकाच्या ओळीत नव्हती. पलीकडे कुणा दुसऱ्या आईचा लाडका आहे, त्याच्यावर गोळी झाडायला माझ्या पोराच्या खांद्यावर बंदूक कोण ठेवतो, असा प्रश्न त्यात होता आणि तो उलटवणं सोपं नव्हतं. जात्यावरच्या ओवीला दुसऱ्या आईशी बोलणं सहज जमतं. दोन ओळींत ती परक्या बाईलाही 'बयाबाई' म्हणून जवळ करते.

विषय शोधायला हिरोशिमापर्यंतही जायला नको. २९ एप्रिल १९१६ रोजी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत इथे तुर्कांना शरण गेलेल्या इंग्रजांच्या हिंदी फौजेतल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. जवळजवळ पाच महिने वेढा पडला होता. धान्य संपत आलं, घोडे कापले गेले. धर्माला चालत नाही म्हणून आपल्या शिपायांनी कित्येक आठवडे ते मांस नाकारलं, शेवटी भुकेने खावं लागलं. त्यानंतर तुर्कांची कैद. विजयाचे पोवाडे पुष्कळ आहेत. कूतच्या भुकेचा पोवाडा लिहिला तर त्यात सैनिकाचा मानही राहील आणि युद्धाची किंमतही कळेल. त्याला वीररसाची लय लावू नये. रोजचं रेशन किती उतरलं ते कडव्यागणिक सांगत जावं आणि प्रत्येक कडव्याला एक वाद्य कमी करावं. आधी झांज, मग डफ, शेवटी तुणतुणं.

राहिली सरावाची बाब. ऑगस्टच्या दमट हवेत डफाचं आणि हलगीचं पान सैल पडतं, आवाज बद्द येतो. कार्यक्रमाआधी अर्धा तास पान मंद जाळावर शेकावं. फार जवळ धरलं तर करपून फाटतं, म्हणून हात ठेवून चटका सोसेल एवढ्याच अंतरावर फिरवत राहावं. तुणतुण्याला वेगळा माइक हवा, वादकाच्या कमरेच्या उंचीवर. नाहीतर त्या १२ सेकंदांत मागच्या रांगांना काहीच ऐकू येत नाही आणि त्यांना वाटतं की वीज गेली. निवेदकाला आधीच बजावून ठेवावं: शेवटची रिकामी ओळ संपल्यावर मनात दहा आकडे मोजायचे, मगच माइक हातात घ्यायचा, आणि लगेच प्रायोजकांचे आभार मानायचे नाहीत.

आपला नम्र,
शाहिरी व समूहगीताचा एक मार्गदर्शक,
तासगाव, जि. सांगली